विश्रांतीचा सल्ला

इतिहास वाचणाऱ्या माणसाला सालांचे एक वेड असते. एखादे साल मनात रुतून बसते आणि पुढे काहीही वाचायला घेतले तरी नजर त्या सालाकडे वळते. 1893 हे साल माझ्या मनात असे बसले आहे. हे साल म्हटले की कोणाला विवेकानंदांचे शिकागोचे भाषण आठवेल, तर कोणाला पुण्यातला सार्वजनिक गणेशोत्सव. मला आठवतात ती तीन माणसे. तिघेही मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या काही वर्षांतले पदवीधर, तिघेही प्रकांड विद्वान आणि तिघेही एकमेकांचे स्नेही. त्या एका वर्षात तिघांच्या आयुष्याला तीन निरनिराळी वळणे लागली.

पहिले काशिनाथ त्र्यंबक तेलंग. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, म्हणजे 1889 मध्ये, ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि 1 सप्टेंबर 1893 रोजी वारले. दोनच दिवसांपूर्वी त्यांना त्रेचाळीस वर्षे पुरी झाली होती. दुसरे महादेव गोविंद रानडे. तेलंगांच्या मृत्यूने जी जागा रिकामी झाली तिच्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांची नेमणूक झाली; तेव्हा ते एक्कावन्न वर्षांचे होते. तिसरे रामकृष्ण गोपाळ भांडारकर. 1862 साली विद्यापीठाने जे पहिले बी. ए. बाहेर काढले, त्या चौघांत रानडे होते तसेच भांडारकरही होते. 1893 मध्ये डेक्कन कॉलेजातून ते सेवानिवृत्त झाले. तेव्हा वय छप्पन्न. म्हणजे एक गेला, एक गेलेल्याच्या खुर्चीवर बसला आणि एक खुर्चीवरून उठला. पुढे कोणाचे काय झाले, हे वाचकांना ठाऊकच आहे. रानडे त्या खुर्चीवर सात वर्षे बसले आणि 16 जानेवारी 1901 रोजी, एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर आला असता, गेले. भांडारकर मात्र 1925 पर्यंत जगले.

ही आकडेमोड मी प्रथम केली ती अंथरुणावर पडून. एरवी या गोष्टीकडे माझे लक्ष गेले नसते.

मी जिल्हा न्यायालयातला नोकर. कारकून म्हणून लागलो आणि अधीक्षकाच्या टेबलापर्यंत चढलो. त्रेपन्नाव्या वर्षी, एका सकाळी कचेरीचा जिना चढताना छातीवर कोणीतरी पाटा ठेवल्यासारखे झाले. पुढचे सगळे आता घरोघरी माहीत असलेलेच आहे. अँजिओग्राफी झाली, एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवला आणि चौथ्या दिवशी घरी आलो. खरा प्रश्न घरी आल्यावर सुरू झाला. आमचे घरचे डॉक्टर म्हणजे वडिलांच्या वेळेपासून आमच्या नाडीवर हात ठेवलेले गृहस्थ. ते म्हणाले, “नाना, आता पुरे झालं. वीस वर्षांच्या वर नोकरी झाली आहे, पेन्शन बसते आहे. अर्ज टाका आणि स्वस्थ घरी बसा.” ज्यांनी स्टेंट बसवला ते हृदयरोगतज्ज्ञ वयाने तरुण. त्यांनी कागद पाहिले आणि म्हणाले, “नोकरी सोडायला मी सांगणार नाही. सहा आठवड्यांनी कामावर जा. गोळ्या चुकवू नका, रोज चाला, तंबाखूला शिवू नका.” दोघेही आपापल्या विद्येला स्मरून बोलत होते. दोघेही माझ्या हिताचेच सांगत होते. आणि दोघांचे म्हणणे एकमेकांच्या नेमके उलट होते.

स्वेच्छानिवृत्तीचा नमुना मी एका सहकाऱ्याकडून मागवून घेतला, भरला आणि कपाटात ठेवून दिला. नियम मला तोंडपाठ होते. आमच्याकडे अठ्ठावन्नाव्या वर्षी सक्तीने घरी जायचे. त्यापूर्वी जायचे तर वीस वर्षांची अर्हताकारी सेवा हवी आणि तीन महिन्यांची नोटीस हवी. मुलीची पदवी व्हायला अजून दोन वर्षे होती. पेन्शन शेवटच्या पगारावर बसते. म्हणून किती वर्षे आधी उठलो तर दरमहा किती तुटते, हा हिशेब मी पाकिटाच्या पाठीवर इतक्या वेळा केला की ते पाकीट पुढे कोऱ्या जागेअभावी टाकून द्यावे लागले.

सहा आठवडे सक्तीची विश्रांती होती. त्या काळात कपाटातली जुनी पुस्तके काढली. आमच्या कचेरीत रानड्यांची तसबीर आहे. फेटा, उपरणे आणि चष्म्याआडचे ते अधू डोळे. सत्तावीस वर्षे तिच्याखालून ये-जा केलेली. म्हणून रानड्यांपासूनच सुरुवात केली.

रानड्यांचे 1900 हे साल पाहिले म्हणजे मन थक्क होते. त्या एका वर्षात मराठी सत्तेच्या उदयावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ बाहेर पडला. त्याच वर्षी पेशव्यांच्या रोजनिशींवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध वाचला गेला. ग्रंथाच्या शेवटी मराठ्यांच्या बखरींवरचा एक लेख जोडलेला आहे, तो तेलंगांचा. इतिहासाच्या या कामात जो सोबती होता, त्याला जाऊन सात वर्षे झाली होती. आणि त्याचा लेख आपल्या ग्रंथाला जोडताना रानड्यांच्या स्वतःच्या छातीत कळा येत होत्या. इतिहासाचा पुढचा भाग लिहावयाचा राहिला होता. शिवाय कोर्टाचे रोजचे काम होतेच.

हा विकार हृच्छूलाचा होता. या ठिकाणी त्या वेळच्या वैद्यकाकडे थोडे पाहिले पाहिजे. नाही तर आपण रानड्यांवरही अन्याय करू आणि त्यांच्या डॉक्टरांवरही. हृच्छूलाचे लक्षण विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने 1768 मध्येच नेमके सांगितले होते : चालताना, विशेषतः चढण चढताना, छाती आवळून येते आणि थांबले की ओसरते. पण लक्षण ठाऊक असणे निराळे आणि उपाय हाती असणे निराळे. 1867 मध्ये अमिल नायट्राइट हुंगण्याने कळ थांबते असे ब्रंटनने दाखवले. 1879 मध्ये नायट्रोग्लिसरिनचा उपयोग मरेलने प्रसिद्ध केला. दोन्ही औषधे कळ शमवणारी; मूळ रोगाला हात लावणारी नव्हेत. हृदयाचा विद्युत्‌-आलेख काढणारे आइंटहोवेनचे यंत्र रानडे गेले त्या सुमारासच आकाराला येत होते. रक्तदाब मोजण्याची दंडाला बांधावयाची पट्टी 1896 ची, म्हणजे अगदी नवी. अशा वेळी डॉक्टरापाशी देण्यासारखी एकच गोष्ट उरे आणि ती म्हणजे विश्रांतीचा सल्ला. विश्रांती हेच औषध आणि विश्रांती हेच पथ्य.

डिसेंबर 1900 मध्ये लाहोरला काँग्रेस आणि सामाजिक परिषद भरावयाची होती. सामाजिक परिषद म्हणजे 1887 पासून रानड्यांचा बहिश्चर प्राणच. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली आणि रानड्यांनी ती मानली. एवढ्यावरूनच दुखणे किती पुढे गेले होते याची कल्पना येते. वसिष्ठ आणि विश्वामित्र यांच्यावरचे भाषण त्यांनी लिहून दिले. ते गोपाळराव गोखल्यांनी लाहोरला नेले आणि वाचले. शरीर मुंबईत राहिले आणि शब्द लाहोरला गेले. विश्रांतीचा सल्ला पाळण्याची रानड्यांची तऱ्हा अशी! जानेवारीच्या आरंभी त्यांनी प्रकृतीसाठी कोर्टातून रजा घेतली. रजा सुरू होऊन पुरता पंधरवडाही झाला नाही.

येथवर वाचल्यावर माझ्या अंगात वीरश्री संचारली, हे कबूल केले पाहिजे. कर्मयोगी असावा तर असा! आपण तरी दोन डॉक्टरांच्या भांडणात सापडून अर्ज काय भरतो! त्या भरात मी हे सगळे पत्नीला ऐकवले. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतले आणि सुपावरची नजर न काढता तिने विचारले, “अहो, पण त्या रमाबाईंना कुणी विचारलं होतं का?”

मला उत्तर देता आले नाही. म्हणून मी रमाबाईंचे पुस्तक काढले.

‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे रमाबाई रानड्यांचे पुस्तक 1910 मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीतल्या पहिल्या काही आत्मचरित्रांत त्याची गणना होते आणि शाळेच्या पुस्तकांतून त्याचे वेचे आपण वाचलेले असतात. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली मुलगी, नवऱ्याने तिला शिकवणे, सासरच्या बायकांनी छळणे, हा भाग सर्वांच्या लक्षात राहतो. शेवटचा भाग मात्र आपण घाईने वाचतो. तो मी या खेपेस सावकाश वाचला. रात्रीची जाग्रणे, कळ आली की उडणारी धांदल, डॉक्टरांना आणायला धावणारी माणसे. आणि सकाळ झाली की पुन्हा कागद आणि वाचन. चाळिशीही न गाठलेल्या एका बाईने हे सगळे उशाशी बसून पाहिले. तिने तक्रार केलेली नाही. त्या काळी ती करावयाची नसे आणि तिच्या मनातही नसावी. पण ज्याला चरित्रकार कर्मयोग म्हणतात, तो घराच्या आतून कसा दिसतो, हे मराठीत इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेले मला माहीत नाही.

आणि या पुस्तकाला प्रस्तावना कोणाची? गोपाळ कृष्ण गोखल्यांची. गुरूच्या अखेरच्या आजाराची ही हकिगत गोखल्यांनी प्रस्तावना लिहिताना वाचली असलीच पाहिजे. त्यांना त्या वेळी स्वतःला मधुमेह होता. पुढच्या पाच वर्षांत त्यांनी काय केले? गुरूने केले तेच.

गोखल्यांनी नोकरी सोडली होती ती फार आधी. 1902 मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले तेव्हा त्यांचे वय अवघे छत्तीस होते. अकाली निवृत्तीचे याहून ठळक उदाहरण शोधू म्हटले तर मिळणार नाही. पण ती निवृत्ती विश्रांतीसाठी नव्हती, अधिक कामासाठी होती. वरिष्ठ कायदेमंडळ, 1905 मध्ये काढलेला भारत सेवक समाज, विलायतेच्या वाऱ्या, 1912 चा दक्षिण आफ्रिकेचा दौरा आणि त्यावर सरकारी नोकऱ्यांसंबंधीच्या रॉयल कमिशनचे काम. 1913 मध्ये आफ्रिकेतला सत्याग्रह पेटला तेव्हा गोखले आजारी होते. अंथरुणावरून तारा वाचीत आणि तारा पाठवीत ते तो लढा इकडून चालवीत होते, असे गांधींनीच लिहून ठेवले आहे.

या संदर्भात गांधींच्या आत्मकथेतला 1914 मधला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. महायुद्ध सुरू झाले तेव्हा गोखले प्रकृतीसाठी फ्रान्सला गेलेले होते आणि पॅरिसमध्ये अडकून पडले. पुढे ते लंडनला आले. गांधी त्या वेळी फळांवर आणि सुक्या मेव्यावर राहत होते आणि बरगडीच्या दुखण्याने पडले होते. डॉक्टर जीवराज मेहता त्यांना दूध आणि धान्य घ्या म्हणून सांगत होते. गांधी ऐकेनात. तेव्हा गोखल्यांनी आग्रह धरला की डॉक्टर सांगतात तसे वागा. गांधींनी चोवीस तासांची मुदत मागितली, रात्रभर विचार केला आणि दूध सोडून बाकीचे मान्य केले. डॉक्टरांचे ऐका, असा हट्ट कोण धरीत होता? ज्याने स्वतःच्या बाबतीत तो हट्ट एकदाही पुरा केला नाही तो! दुसऱ्याच्या प्रकृतीविषयी आपण किती शहाणे असतो! फेब्रुवारी 1915 मध्ये गांधी पुण्याला आले असता भारत सेवक समाजात त्यांच्यासाठी छोटासा समारंभ होता. गोखले खोलीतून मुद्दाम उठून तेथे आले आणि त्यांना मूर्च्छा आली. 19 फेब्रुवारीला ते गेले, वय अठ्ठेचाळीस. मधुमेहाच्या रोग्याला इन्शुलिन प्रथम टोचले गेले ते टोरांटोला, जानेवारी 1922 मध्ये. सातच वर्षांचे अंतर. म्हणून मी म्हणतो की त्यांच्या हट्टाचे मोजमाप आजच्या फुटपट्टीने करू नये. विश्रांती घेऊन गोखल्यांना फार तर काही महिने किंवा वर्षे मिळाली असती. बरे वाटले नसते. रोग बरा होणारच नाही आणि विश्रांतीने फक्त दिवस वाढतील, असे जेव्हा असते, तेव्हा त्या वाढलेल्या दिवसांत कामच करता येणार नसेल तर ते नकोत, असे म्हणण्यात एक कठोर हिशेब आहे. तो हिशेब मला समजतो.

पण तो हिशेब माझा नव्हता. हे कळायला मला आणखी दोन माणसांची मदत झाली.

एक अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर. 24 सप्टेंबर 1955 रोजी डेन्व्हर येथे त्यांना हृदयविकाराचा झटका आला. पुढच्या वर्षी निवडणूक होती. उभे राहावे की घरी बसावे, हा प्रश्न साऱ्या जगासमोर पडला. तोवर असा झटका आलेल्या माणसाला आठवडेच्या आठवडे बिछान्यात खिळवून ठेवण्याची पद्धत होती आणि पुढे तो जवळजवळ पांगळाच समजला जाई. डॉक्टर पॉल डडली व्हाइट यांचे मत निराळे होते. माणसाने हळूहळू चालावे, कामाला लागावे, असे ते म्हणत. फेब्रुवारी 1956 मध्ये तपासणीनंतर त्यांनी जाहीर सांगितले की आणखी पाच ते दहा वर्षे क्रियाशील जीवन जगता येण्याचा संभव आहे. त्या महिन्याच्या अखेरीस अध्यक्षांनी उभे राहण्याचे जाहीर केले. ते निवडून आले, 1961 पर्यंत काम केले आणि 1969 मध्ये वारले. आमच्या घरच्या डॉक्टरांचा सल्ला आणि तरुण तज्ज्ञांचा सल्ला यांत जो विरोध मला दिसत होता, तो दोन डॉक्टरांतला नव्हता, दोन काळांतला होता, हे मला या प्रकरणावरून उमगले. घरचे डॉक्टर ज्या गुरूंपाशी शिकले त्यांच्याकडे विश्रांती हे औषध होते. तरुण डॉक्टरांकडे औषधे निराळी आहेत, म्हणून विश्रांतीचे ओझे हलके झाले आहे.

मग प्रश्न सुटला का? अर्धा सुटला. काम केल्याने मी मरणार नाही, एवढे कळले. पण काम करावे का, हे डॉक्टराने सांगावयाचे नव्हतेच.

येथे मला भांडारकर आठवले. निवृत्तीनंतर ते बत्तीस वर्षे जगले. जवळजवळ नोकरीइतकीच पेन्शन झाली. त्या बत्तीस वर्षांत त्यांनी काय केले? मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले. प्रार्थनासमाजात प्रवचने केली. वैष्णव आणि शैव पंथांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ 1913 मध्ये निघाला तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते. 6 जुलै 1917 रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, त्यांच्या नावाने पुण्यात प्राच्यविद्या संशोधन मंदिर निघाले आणि त्यांनी आपला ग्रंथसंग्रह त्या संस्थेला दिला. भांडारकर कर्मयोगी नव्हते असे कोण म्हणेल? पण त्यांच्यावर पोवाडे होत नाहीत. जो कामावर असताना पडतो त्याची तसबीर कचेरीत लागते. जो वेळेवर उठून घरी जातो आणि नंतर शांतपणे काम करतो त्याच्या नावाची फक्त इमारत राहते. आपल्या समाजाला थकून मरणाऱ्याचे कौतुक अधिक आहे. या कौतुकाची किंमत कोणी दिली, हे रमाबाईंच्या पुस्तकात पाहावे.

आणि मग मी स्वतःला एक अप्रिय प्रश्न विचारला. रानड्यांना जे सोडवेना ते राष्ट्राचे काम होते. गोखल्यांना सोडवेना तो देश होता. मला काय सोडवत नव्हते? रोजनाम्यांची तपासणी, नकलांच्या अर्जांवर सही आणि अकरा वाजता येणारा चहा. मी रानड्यांचा फेटा उसना घेऊन माझी भीती झाकीत होतो. ती भीती मरणाची नव्हती; सकाळी साडेदहा वाजता घरात काय करावयाचे, याची होती. घरच्या डॉक्टरांच्या सल्ल्याला मी नाही म्हणत होतो ते शौर्याने नव्हे. आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याला हो म्हणत होतो तेही विवेकाने नव्हे. दोन्ही सल्ल्यांतून मी माझ्या सोयीचे तेवढे उचलीत होतो.

हे कळल्यावर मी तज्ज्ञांकडे पुन्हा गेलो. या खेपेस पत्नीला बरोबर नेले आणि सरळ प्रश्न विचारले. माझ्या कामातले नेमके काय मला अपायकारक आहे? जिना, जाग्रण, की चिडचिड? कोणते लक्षण दिसले तर एक दिवसही थांबू नये? दोन वर्षे काम केले आणि मग सोडले तर काही बिघडते का? त्यांनी तितकीच सरळ उत्तरे दिली. शेवटचे उत्तर त्यांनी पत्नीकडे पाहून दिले.

मी सहा आठवड्यांनी रुजू झालो. विनंती करून तळमजल्यावरचे टेबल घेतले. संध्याकाळी फायली घरी आणणे बंद केले. मुलीचा निकाल लागला, तिला नोकरी लागली आणि पंचावन्न पुरे झाल्यावर मी कपाटातला जुना नमुना काढला. तो आता पिवळा पडला होता म्हणून नवा भरला. गंमत अशी की, पंचावन्न हेच इंग्रजी अमदानीतले सरकारी नोकरांचे निवृत्तीचे वय. केंद्र सरकारने ते 1962 मध्ये अठ्ठावन्न केले आणि 1998 मध्ये साठ. आयुर्मान वाढत गेले तसे खुर्चीवर बसण्याचे वयही वाढत गेले. मी मात्र जुन्या पंचांगाप्रमाणे उठलो.

नमुन्यात कारणाची एक ओळ होती. पहिल्या खेपेस मी तेथे ‘प्रकृती अस्वास्थ्य’ असे लिहिले होते. प्रकृती तर आता बरी होती. रोज चार किलोमीटर चालत होतो. थोडा वेळ लेखणी हातात धरून बसलो. मग पत्नीला हाक मारली आणि काय लिहू म्हणून विचारले. ती म्हणाली, “जे खरं आहे ते लिहा.” मी ‘स्वेच्छा’ असे लिहिले आणि सही केली.

घरचे डॉक्टर भेटले की अजून म्हणतात, “मी तेव्हाच सांगितलं होतं.” मी मान डोलावतो. त्यांच्या म्हणण्यात खोटे काहीच नाही. फक्त ते म्हणाले तेव्हा आणि मी ऐकले तेव्हा, यांत दोन वर्षे गेली, आणि त्या दोन वर्षांत मुलीचे शिक्षण झाले. सकाळी साडेदहाला आता मी नगर वाचनालयात असतो. तेथे रानडे, तेलंग आणि भांडारकर एकाच कपाटात आहेत. बारा वाजता जेवायला घरी या, अशी सक्त ताकीद आहे. ती मात्र मी आजवर एकदाही मोडलेली नाही.